तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्ड करून ठेवा ना, नाटक कशाला?

प्रयोग संपला की कुणीतरी येऊन विचारतंच, ताई एवढ्या आठवणी आहेत या जुन्या गिरणी कामगारांकडे तर सरळ मोबाईलवर रेकॉर्ड करा ना, म्हातारी माणसं आणि शाळा-कॉलेजची पोरं गोळा करून नाटक कशाला? आता एकदाच नीट सांगते.

रेकॉर्डिंग आम्ही करतोच. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोल्यांत बसून, कुकरच्या शिट्ट्यांसकट केलंय. आणि नाटकाचं हे खूळ आमचं नाही हो, शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकरांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, गिरणीतली पाळी करून तालमीला जाणारी माणसं गिरणगावात कायम होती.

तर आमच्यातले एक काका, गिरणीच्या साचाखात्यातले, म्हणजे मागावर कापड विणणारे (खुणा बदलल्यात, ओळखायला जाऊ नका). रेकॉर्डिंगमध्ये 1982 च्या गिरणी संपाबद्दल स्वच्छ म्हणाले, संपात मी गावाला होतो, शेती केली. आम्ही ते तसंच ठेवलं. नाटकात एक सीन होता, संप चालू असताना गुपचूप कामावर जाणाऱ्या माणसाचा, चार-पाच जणांकडून ऐकलेलं एकत्र करून बसवलेला, आणि करत होता त्यांचाच नातू, अकरावीतला. पहाटे चाळीला कळू नये म्हणून चपला एका हातात, दुसऱ्या हातात डबा, असा तो निघतो.

"डबा नको," काका मागून म्हणाले.

मला वाटलं नाटकाच्या सामानाबद्दल बोलतायत. "डबा दिसला की कळतं ना सगळ्यांना. दोन चपात्या कागदात घ्यायच्या आणि शर्टाच्या आत, पोटाशी. घामाने ओल्या होतात, तशाच खायच्या." मग उठून पुढे आले, नातवाचा शर्ट वर केला, पेपरची घडी केली आणि पँटच्या पट्ट्यात स्वतः खोचून दाखवली, दोनदा, पहिल्यांदा नीट बसली नाही म्हणून. कुणी काही बोलेना. त्यांच्याच मजल्यावरचे दुसरे काका, जे शेवटपर्यंत आत गेले नाहीत आणि ज्यांची नोकरी कायमची गेली, त्यांनी पिशवी उचलली आणि निघून गेले. पोरगा तसाच उभा, शर्ट अर्धा वर.

दुसऱ्या दिवशी काकांचा मुलगा आला, बाबांना या वयात फुटीर ठरवलंत म्हणाला, सीन काढा. मी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "चपात्या ठेव. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस."

पूर्वी मीच सांगत फिरायचे की नाटकाने माणसं जवळ येतात. आता नाही म्हणत. ते दोघं आधी निदान गणपतीत एका टेबलावर पावत्या फाडायला बसायचे, आता तेही नाही. मग काय मिळवलं, असं विचाराल तर माझ्याकडे धड उत्तर नाही, आणि तरी मला वाटतं की हे कळायलाच हवं होतं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, अडीच लाख माणसं, त्यातलं कोण कधी आत गेलं, कशासाठी गेलं, हे चाळीला माहीत असतं पण बोलत कुणी नाही. पोरांना ठाऊक काय, तर संपाचे पुढारी दत्ता सामंत आणि गिरण्यांच्या जागी आलेले मॉल. कॅमेऱ्यासमोर माणूस ठरवून आलेलं बोलतो हो. नातू चुकीचा डबा घेऊन निघाला तेव्हा काकांना राहवलं नाही, ते कुठल्या मोबाईलवर आलं असतं?

तुम्ही म्हणाल, मग एका घराला त्रास देऊन हे मिळवायचं का. हाच प्रश्न मलाही पडतो, रोज नाही, पण पडतो.

सीन ठेवलाय. काकांचा मुलगा माझा फोन उचलत नाही. नातू अजून तालमीला येतो, घरी क्लास आहे सांगून. त्याला असं येऊ द्यावं का यावर आमच्यातच दोन तट पडलेत, मी येऊ द्यावं असं म्हणते.