एक हजारांश सेकंदाच्या नादात दोन पहाटा फुकट गेल्या

टिटवीची पिल्लं आईच्या पोटाखालून बाहेर येतात तो क्षण मला टिपायचा होता. टिपला, पण तिसऱ्या पहाटेला. पहिल्या दोन पहाटा का वाया गेल्या ते आठवलं की अजूनही चीड येते. थोडी त्या कॅमेरा-वर्गातल्या गुरुजींची, बरीचशी स्वतःची.

जागा सापडायला त्रास झाला नाही. जूनचा पहिला आठवडा, यशवंतसागरचं पाणी ओसरलेलं आणि काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडलेला. (सिरपूर आणि यशवंतसागर, इंदूरची ही दोन्ही तळी २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली, पण पाण्याच्या काठी गाडी लावून बसायला मला हे दुसरंच बरं वाटतं.) संध्याकाळी दुर्बिणीतून तीन पिल्लं दिसली होती. इंदूरच्या रामबागेतून पहाटे साडेचारला निघालो. बाबा शेजारच्या सीटवर, मांडीवर चहाचा थर्मास.

"आईच कशावरून? बाप असेल," बाबा म्हणाले. बरोबरच होतं. टिटवीत नर-मादी दिसायला सारखेच, आणि पिल्लं दोघंही सांभाळतात. तरी मी आईच म्हणणार.

आता खरी अडचण. लहान पिल्लांना अंगाची ऊब स्वतःची स्वतः टिकवता येत नाही, म्हणून रात्रभर ती मोठ्या पक्ष्याच्या पंखांखाली असतात आणि फटफटलं की एकेक करून बाहेर पडतात. म्हणजे जे टिपायचं ते घडतं सूर्य उगवायच्या आधी, उजेड नसताना. जूनमध्ये इथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. माझा खेळ सव्वापाच ते साडेपाचमध्ये आटोपायचा. ऊन आलं की पिल्लं चिखलभर पांगतात, आणि मग एका चौकटीत आई आणि पिल्लू मिळणं नशिबावर.

वर्गात आम्हाला घोकवलं होतं: पक्षी म्हटला की शटर, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा, एक हजारांश सेकंदच उघडायचा, त्याहून सावकाश नाही. आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ३२००च्या वर न्यायचा नाही, फोटो 'खराब' होतो. मी दोन्ही पाळलं. माझी लेन्स ६०० मिलिमीटरला, म्हणजे पूर्ण लांबवल्यावर, एफ ६.३च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे उजेड आत कमीच येतो. पहिल्या पहाटेचे सगळे फोटो काळे. घरी संगणकावर उजळवले तर टिटवीच्या काळ्या छातीवर जांभळी रवाळ खरूज उठली. दुसऱ्या दिवशी तेच, वर गुरुजींना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "उजेड येईपर्यंत थांबा." अहो, थांबले तर पिल्लं बाहेर पडून जातात!

त्या दुपारी पोहे खाता खाता गणित केलं. एक हजारांश सेकंदाला कॅमेरा २५६०० आयएसओ मागत होता. तेच शटर साठांशावर आणलं तर जवळपास सोळापट उजेड आत येतो आणि १६००वर भागतं. आणि एक हजारांश लागतो कशाला? उडणाऱ्या, पळणाऱ्या पक्ष्याला. पिल्लांवर बसलेली टिटवी हलते कुठे? मानेची एखादी झटक, की पुन्हा पुतळा. दोन दिवस मी बसलेल्या पक्ष्याला पळणाऱ्याचा नियम लावत होते.

साठांश सेकंदाला हात हलला तर मात्र सगळंच पुसट, आणि लेन्समधलं स्थिरीकरण आपला हात सावरतं, पक्ष्याची हालचाल नाही. म्हणून उशीच्या जुन्या अभ्र्यात अडीच किलो हरभरे भरले, तोंड शिवलं आणि ते गाडीच्या उतरवलेल्या काचेवर टाकलं. बाबांनी आधी पोह्यांची पिशवी सुचवली होती. ती हलकी, लेन्सखाली घसरते. इंजिन बंद. बाबांनाही हलू नका म्हटलं, तर पाच मिनिटांनी म्हणाले, "अगं, चहा तरी गिळू दे."

फोकसचं एक राहिलं. अंधारात तो पुढे-मागे भटकतच राहतो. टिटवीच्या डोळ्यामागून मानेवर उतरणारा पांढरा पट्टा आणि त्याला लागून काळी मान, या कडेवर मधला बिंदू धरला की चटकन पकडतो. डोळाही जवळपास त्याच अंतरावर असतो. मग दहा-दहा फोटोंच्या झडी मारायच्या. त्यातला एखादाच धारदार निघतो.

पाच वाजून बावीस मिनिटांनी तिच्या पोटाची पिसं एका बाजूने फुगली. मानेमागे पांढरी कंठी असलेलं डोकं बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा आलं. मग दोघांची पावलं. तिसरं बाहेर पडायच्या बेतात असताना मागून सायकलवर एक काका आले आणि त्यांनी जोरात विचारलं, "भिया, कंई देखी रिया हो?" टिटवी ओरडली, तिन्ही पिल्लं जागच्या जागी चिखलाला चिकटली. कंठी लपली की पिल्लू म्हणजे ढेकूळ. म्हणूनच काठावर पायी फिरायचं नाही, पायाखाली येईल ते कळणार नाही. गाडीतूनच टिपा, फ्लॅश बंद ठेवा, आणि ओरडणारी टिटवी दिसली तर तिला बिथरवत न बसता मागे फिरा. घरट्याला, अंड्यांना धक्का लावणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, ते वेगळंच.

काका निघून गेल्यावर सहा मिनिटांनी ती पुन्हा बसली आणि पिल्लं एकेक करून पंखाखाली शिरली. तोच फोटो मी ठेवला आहे. एका पिल्लाचं डोकं हललेलं, बाकी सगळं स्वच्छ. गुरुजींना नाही पाठवला.

हरभऱ्यांना पावसाळ्यात किडे लागले. या वर्षी अभ्र्यात वाळू भरणार आहे.