दोनशे नग कोण घेणार?

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या मागावर काम करतात. मजुरी नगावर. धागा तुटून माग किती वेळ उभा राहिला याची नोंद कुठेच नसते, आणि हिशेबाला बसलं की दर आठवड्याला वाद. घरच्या अडचणीमुळे डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला, तेव्हापासून मी एकाच वस्तूच्या मागे आहे. मागाच्या क्रँकशाफ्टजवळ, म्हणजे माग चालवणाऱ्या फिरत्या दांड्याजवळ, सेन्सर बसवायचा. शाफ्टचा एक फेरा म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. फेरे मोजले की माग किती चालला, किती थांबला, मालक आणि कामगार दोघांनाही दिसतं.

पहिले दोन नमुने शिकवणीच्या पैशांतून झाले. पुढे अडलं. स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडाला नोंदणी झालेली कंपनी लागते, ती माझ्याकडे नव्हती. निधी-प्रयास या केंद्र सरकारच्या योजनेत कंपनी नसली तरी नमुना बनवायला 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. तिथे अर्ज केला, निवड झाली नाही.

मग राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, धंद्यासाठी कर्ज आणि अनुदान देणारा. 10 लाखांच्या आतल्या प्रकल्पाला शिक्षणाची अट नाही, हे वाचून मी ते पान दोनदा वाचलं. शहरातल्या महिलेने स्वतःचे 5 टक्के घालायचे, अनुदान 25 टक्के, उरलेलं बँकेचं कर्ज. माझा प्रकल्प 4 लाखांचा, म्हणजे माझे 20 हजार. आधार, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, यंत्रांची कोटेशन, हे आठवडाभरात जमलं.

प्रकल्प अहवाल मात्र मी एका एजंटाकडून करून घेतला, आणि ती माझी मोठी चूक. त्यात महिन्याला 200 नग विक्री लिहिली होती. जिल्हा उद्योग केंद्रात अधिकारी मॅडमनी शांतपणे विचारलं, "दोनशे नग कोण घेणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचे तीन आठवडे नमुना पिशवीत घालून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्या-कारखान्यांतून फिरले. बहुतेकांनी बसूही दिलं नाही. एका कारखानदाराने चार मागांवर महिनाभर लावून बघितला, मग ‘घेईन’ असं लेटरहेडवर लिहून दिलं. त्याच्या ओळखीने आणखी चार पत्रं मिळाली. नवा अहवाल मी स्वतः लिहिला, महिन्याला 15 नगांचा. त्यातला प्रत्येक आकडा मला तोंडपाठ होता, कारण प्रत्येकामागे एक माणूस होता.

अर्ज मंजूर होऊन बँकेकडे गेला. पहिल्या शाखेत घराचे कागद तारण मागितले. इतक्या रकमेच्या लघुउद्योग कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मी छापून नेला, तरी फाइल हलेना. शेवटी दुसऱ्या शाखेने कर्ज दिलं. नंतर उद्योजकता प्रशिक्षण झालं. अनुदान लगेच हातात येत नाही, 3 वर्षं बँकेत अडकून राहतं. ते धरून खर्चाचा हिशेब कुणी मांडू नका.

आणि हे शेवटी कर्जच आहे. ज्याची वस्तू अजून चाललेली नाही, त्याने ते घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. अशा मुलांना पहिल्या नमुन्यापुरते 25-50 हजार कुणी परतफेडीशिवाय दिले, तर आपल्या गल्ल्यांमधून किती वस्तू उभ्या राहतील!

आज 22 मागांवर माझी फेरे मोजणारी डबी आहे. वडिलांचा माग त्यातलाच एक. पाळी संपली की ते चष्मा लावून आकडा वहीत लिहून घेतात.