'करेल' की 'प्रयत्न करेल'?

बंदराच्या पर्यावरण विभागात माझं काम तोवर आकडे भरण्याचं होतं. मग नियामक मंडळाचं पत्र आलं: धूर कमी करण्याचा करार करा, नाहीतर आम्ही नियम लावतो. बोलणी करणाऱ्यांत माझंही नाव आलं.

पहिल्या बैठकीत आम्ही ठरलेलं रडगाणं गायलो. जहाजं कंपन्यांची, क्रेन टर्मिनलवाल्यांच्या, ट्रक वाहतूकदारांचे. आम्ही नुसते जागामालक. समोर बसलेल्या मंडळाच्या बाई म्हणाल्या, "मग भाडेकरारात अट घाला." अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या एकमेकांशेजारच्या बंदरांनी 2006 च्या स्वच्छ हवा आराखड्यात हीच वाट धरली होती. त्यांना ते पाठ होतं. मी घरी जाऊन वाचलं.

पुढचे दोन महिने मोजायचं कसं यात गेले. आम्हाला घट हवी होती दर कंटेनरमागे, त्यांना एकूण टनांत. कंटेनर दुप्पट झाले आणि प्रत्येकामागचा धूर निम्मा झाला, तर हवा आहे तिथेच राहते. हे गणित मला दिसत होतं, तरी मी आमचीच बाजू लावून धरली. नोकरी होती. शेवटी एकूण टनच राहिले.

खरी रस्सीखेच झाली ती किनाऱ्यावरच्या विजेवरून. धक्क्याला लागलेलं जहाज मुख्य इंजिन बंद करतं, पण दिवे, पंप आणि थंड कंटेनर यांसाठी सहायक इंजिनं धडधडतच राहतात. किनाऱ्यावरून वीज दिली की ती बंद होतात. मसुद्यात त्यांनी लिहिलं, 'बंदर जहाजांना वीज जोडून देईल.' आमच्या वकिलांनी केलं, 'देण्याचा प्रयत्न करेल.' तीन बैठका या दोन शब्दांवर.

वैतागून मी एक दिवस धक्क्यावर जाऊन उभी राहिले. जहाजात जोडणीची सोय होती, आमच्याकडे वीज होती, पण जहाज उलट्या तोंडाने लागलेलं, त्यामुळे केबल सोडायची जागा समुद्राच्या बाजूला! इंजिनं चालूच राहिली. दुसऱ्या जहाजाची यंत्रणा 60 हर्ट्झ वारंवारतेच्या विजेची, आमची वीज 50 ची, आणि ती बदलून देणारा मधला कन्व्हर्टर दुरुस्तीला काढलेला.

तेच फोटो मी पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवले. मग कलम दोन तुकड्यांत फुटलं. उपकेंद्र, केबल, कन्व्हर्टर हे आमच्या हातातलं, तिथे तारखेसकट 'करेल', आणि तारीख चुकली तर नियम लावायला मंडळ मोकळं. जहाज कंपन्यांच्या हातातलं तिथे 'प्रयत्न करेल', पण वीज न जोडलेल्या प्रत्येक जहाजाचं कारण दरमहा जाहीर करायचं.

ती यादी आता मीच भरते. कारणांच्या रकान्यात 'इतर' हा पर्याय होता, तो बाईंनी शेवटच्या बैठकीत खोडून घेतला.