अडतीसपैकी एक

आमच्या जिल्हा वकील संघाच्या पुरस्कार निवड समितीवर मी चार वर्षं आहे. ३ डिसेंबर, म्हणजे डॉ. राजेंद्रप्रसादांचा जन्मदिवस, अधिवक्ता दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आम्ही दोन पुरस्कार देतो. एक उल्लेखनीय काम करणाऱ्या वकिलाला, दुसरा कायद्याच्या विद्यार्थ्याला. रक्कम नावापुरती, पण बार रूममध्ये त्याला मान आहे, कारण तो विकत मिळत नाही. हे मुद्दाम लिहितो आहे. हल्ली महिन्याला दोन तरी मेल येतात की देशातल्या अग्रगण्य वकिलांमध्ये आपली निवड झाली आहे, आणि खाली नोंदणी शुल्काचा आकडा असतो. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणून हा मागचा दरवाजा. चांगली प्रॅक्टिस असलेले लोक तिथे पैसे भरतात आणि ती ट्रॉफी पक्षकाराच्या नजरेसमोर ठेवतात, याचा मला मनापासून राग येतो.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार. समितीची बैठक दुपारी तीनला होती. मी अकरालाच जाऊन बसलो, कारण फाइली मला एकट्याने वाचायच्या असतात. वकिलांचे अकरा अर्ज होते, विद्यार्थ्यांचे सहा.

वकिलांच्या अर्जांत एक अर्ज माझ्या जुन्या ज्युनिअरचा होता. चार वर्षं माझ्याकडे होता. आता स्वतःचं ऑफिस आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं तो घेतो. अशा कामाची फी किती तुटपुंजी असते आणि बिल निघायला किती महिने लागतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बरेचसे पॅनेलवाले त्यामुळे तारखेला उभं राहण्यापुरतंच काम करतात. हा मुलगा तसा नाही. कागद वाचून येतो, न्यायाधीशाने विचारलं तर पान क्रमांक सांगतो. त्याच्या अर्जात एका वर्षात मिळवलेल्या अडतीस जामिनांची यादी होती. केस क्रमांक, कलम, आदेशाची तारीख, मागे आदेशांच्या प्रती. मी मनात त्याला पुरस्कार देऊन टाकला होता.

विद्यार्थ्यांच्या फाइली साधारण सारख्याच असतात. अभिरूप न्यायालयाची, म्हणजे मूट कोर्ट स्पर्धांची, प्रमाणपत्रं, इंटर्नशिपची पत्रं, एखादा छापून आलेला लेख. सहावी फाइल मात्र त्यांच्यासारखी नव्हती. त्यात एका वहीच्या झेरॉक्स होत्या, सोबत प्राचार्यांचं अर्ध्या पानाचं पत्र. तिसऱ्या वर्षातली मुलगी. प्राधिकरणाची विधी स्वयंसेवक म्हणून दर गुरुवारी जिल्हा कारागृहात जाते. प्रमाणपत्र एकही नाही.

वहीत तिने रकाने आखले होते. बंद्याचं नाव, आईचं नाव, कोर्ट, केस क्रमांक, जामीन झाल्याची तारीख, अट, कशामुळे अडलं, कुणाला फोन केला, सुटल्याची तारीख. जामीन होऊनही आतच असलेल्या माणसांची ती वही होती. तेवीस ओळी. ‘कशामुळे अडलं’ या रकान्यावर मी बराच वेळ थांबलो. एका ओळीत होतं, ‘जामीनदार तयार. सातबारा सामाईक. चुलता सही देत नाही.’ दुसरीत, ‘ऐपतीचा दाखला तहसीलमध्ये. साहेब रजेवर.’ आणखी एकीत, ‘बायको म्हणते आत्ता नको, सोयाबीन काढून झाल्यावर येते.’ फोनच्या रकान्यात किराणा दुकानाचे, शेजाऱ्यांचे, एका शाळेच्या शिपायाचे नंबर. सतरा ओळींच्या शेवटी सुटल्याची तारीख होती.

सत्तावीस वर्षं मी फौजदारी कामं करतो आहे, पण ही माहिती एका जागी मी कधी पाहिली नव्हती. ती कुणाकडे नसतेच. कोर्टाकडे आदेश असतो, तुरुंगाकडे माणूस असतो, वकिलाकडे नक्कल असते.

एकविसाव्या ओळीतला केस क्रमांक ओळखीचा वाटला. सकाळी त्याच टेबलावर मी तो वाचला होता. ज्युनिअरची यादी पुन्हा उघडली. नववी नोंद. तेच कोर्ट, तोच क्रमांक, आदेश ११ मार्च २०२५ चा. मुलीच्या वहीत त्यापुढे लिहिलं होतं, ‘बंद्याला जामीन झाल्याचं माहीत नाही.’ भेटीची तारीख ६ नोव्हेंबर. सुटल्याची तारीख कोरी.

मी प्राचार्यांकडून नंबर घेऊन तिला तिथूनच फोन लावला. ती घाबरली, काही चुकलं का सर, म्हणाली. तिने सांगितलं ते असं. माणूस शेजारच्या जिल्ह्यातला ऊसतोड कामगार. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरल्याचा गुन्हा. कोर्टाच्या कागदांवर त्याचं आधारवरचं नाव, तुरुंगाच्या नोंदीत मुकादम ज्या नावाने हाक मारायचा ते. दोन्ही नावांत आडनावाशिवाय काही जुळत नाही. अटक झाली तेव्हा जवळ आधार नव्हतं, दोषारोपपत्राच्या वेळी कुणीतरी आणून दिलं असेल म्हणावं, तर जामीन अर्जावरही आधारवरचंच नाव होतं. घरच्यांनी वकिलाला ते सांगितलं असणार. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तिने त्याच्या वॉरंटवरचा केस क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि रात्री घरी ईकोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या वेबसाइटवर, टाकून पाहिला. जामीन मंजूर. दुसऱ्या दिवशी तिने प्राधिकरणाच्या कार्यालयात पत्र दिलं. त्याची पोच तिच्याकडे होती, पुढे काही झालं नव्हतं.

इथे थोडं कायद्याचं सांगायला हवं. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या धोरणाबाबत जे निर्देश दिले, त्यांत हेच सगळं बांधून दिलेलं आहे. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पाठवायचा, बंद्याला द्यायचा. तुरुंगाने ई-प्रिझन या आपल्या संगणक प्रणालीत जामिनाची तारीख भरायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण विचारायची. महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करायचा. स्थानिक जामीनदाराचाच आग्रह धरायचा नाही. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, त्यात कच्च्या कैद्याच्या, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याच्या, जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली. कागदावर एकही फट नाही. पण या सगळ्याची पहिली कडी ई-प्रिझनमधली नोंद. आदेशावरच्या नावाचा माणूस तुरुंगात सापडला नाही, म्हणून नोंद झाली नाही, म्हणून सात दिवस मोजायला सुरुवातच झाली नाही. पुढे व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, तारखा होत राहिल्या, रोजनाम्यात ‘आरोपी न्यायालयीन कोठडीत’ असं येत राहिलं. उन्हाळ्यात बदल्या झाल्या, न्यायाधीश नवीन आले. वकिलाची नेमणूक जामीन अर्जापुरती होती.

बैठकीला अजून तास होता. मी ज्युनिअरला बोलावून घेतलं. नोंद दाखवली, शेजारी वहीची झेरॉक्स ठेवली. त्याने दोन्ही कागद वाचले, मग पुन्हा वाचले.

“सर, मला वाटलं सुटला असेल.”

मी काहीच बोललो नाही. मला माझाच आवाज ऐकू आला होता. ऑर्डर हातात आली की नक्कल पक्षकाराला द्यायची, बिल लावायचं, फाइल बांधायची, हे त्याला मी शिकवलेलं. खासगी पक्षकाराच्या मागे घरचे असतात, ते जामीनदार घेऊन दारात उभे राहतात, म्हणून आपल्याला पुढचं काम दिसत नाही. त्याला मी १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निवाडा तोंडपाठ करायला लावला होता. मोतीराम गवंडी होता. १०,००० चा जामीनदार मागितला, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला, आणि न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं. तो निवाडा युक्तिवादात कुठे वापरायचा हे मी शिकवलं. आदेशानंतर तुरुंगात एक फोन करायचा, हे मला शिकवायचं सुचलं नाही. मी तरी कुठे करत होतो?

“सोमवारी अर्ज टाकतो,” तो म्हणाला आणि उठला. जाताना त्याने वहीची झेरॉक्स मागून घेतली.

बैठकीत मी सगळं सांगितलं, आणि तो माझा ज्युनिअर होता म्हणून वकिलांच्या पुरस्काराच्या मतदानातून बाजूला झालो. हे मी सकाळीच करायला हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, आपण चौकशी समिती नाही, आदेश मिळवणं हे वकिलाचं काम आणि ते त्याने केलंय. निवृत्त जिल्हा न्यायाधीश समितीवर आहेत, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आदेश देऊन मीसुद्धा पुढचं प्रकरण पुकारत होतो.” एकमताने पुरस्कार त्यालाच गेला. बाकीचे दहा अर्ज पाहता तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

मुलीसाठी मात्र मी भांडलो. आमच्या गुणपत्रिकेत अभिरूप न्यायालयाला तीस गुण, लेखनाला तीस, इंटर्नशिपला वीस, शैक्षणिक गुणांना वीस. वहीला गुण द्यायचे कुठे? एकाने विचारलं, यात तिचं स्वतःचं कायदेशीर लेखन कुठे आहे? मी म्हणालो, सतरा माणसं घरी गेली आहेत. ते म्हणाले, ते मान्य, पण रकाना कोणता? प्राचार्य समितीवर आहेत, पण ते तिच्याच कॉलेजचे, त्यांना मत देता येत नव्हतं. राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा जिंकलेल्या मुलाला पुरस्कार मिळाला, हिला विशेष उल्लेख. तो मुलगा हुशार आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. गुणपत्रिका मात्र मीच चार वर्षांपूर्वी बनवली होती.

सोमवारी ज्युनिअरने अट बदलण्याचा अर्ज दिला, सोबत दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र. ते करायला तो रविवारी माणसाच्या गावी जाऊन आला होता. मंगळवारी नव्या न्यायाधीशांनी पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सोडायचा हुकूम केला, जामीनदाराची अट काढून टाकली. कागद तुरुंगात पोचेपर्यंत संध्याकाळची सुटकेची वेळ टळून गेली होती. म्हणून सुटका बुधवारी, १९ तारखेला सकाळी झाली. जामीन झाल्यापासून २५३ दिवस.

आम्ही तिघंही फाटकाबाहेर होतो. तो बाहेर आला तेव्हा हातात खताच्या गोणीची पिशवी होती. अंगात फेब्रुवारीत अटक झाली तेव्हाचा स्वेटर, एवढ्या महिन्यांनी पुन्हा थंडीतच बाहेर आलेला. ज्युनिअरने पुढे होऊन स्वतःचं नाव सांगितलं, मी तुमचा वकील. त्या माणसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. ओळख नव्हती. जामीन अर्जाच्या वेळी दोघांची भेट व्हीसीच्या पडद्यावर झाली होती, तीही मिनिटभर. मग त्याने विचारलं, “टोळ्या गेल्या का सायेब?” गाळप सुरू झालं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जाऊन पंधरवडा उलटला होता. मुलीने त्याला बसचं तिकीट दिलं, भावाचा नंबर लावून दिला, आणि तिथेच कट्ट्यावर वही ठेवून एकविसाव्या ओळीच्या शेवटी तारीख लिहिली.

३ डिसेंबरला सभागृह भरलेलं होतं. मानपत्र वाचणाऱ्याने ‘एका वर्षात अडतीस गरजू बंद्यांना मुक्तता मिळवून दिली’ असं वाचलं. मसुदा बैठकीनंतर लगेच अध्यक्षांच्या कार्यालयात तयार झाला होता. तेव्हा ते वाक्य खोटं होतं. वाचलं गेलं तेव्हा, निदान त्या एका नोंदीपुरतं, खरं होऊन दोन आठवडे झाले होते. ज्युनिअर व्यासपीठावर खाली मान घालून उभा होता. टाळ्या मीही वाजवल्या. विशेष उल्लेखाचं नाव पुकारलं तेव्हा ती मुलगी आईबरोबर मागच्या रांगेत होती. पुढे येईपर्यंत निवेदक पुढच्या कार्यक्रमाकडे वळला होता.

पुढच्या वर्षाच्या अर्जात ‘सुटल्याची तारीख’ असा रकाना घालावा, असा ठराव मी कार्यकारिणीकडे दिला आहे. दोघांनी लेखी हरकत घेतली आहे. वकिलावर तुरुंगाच्या कामाचा भार टाकता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

ज्युनिअर आणि ती मुलगी मिळून उरलेल्या सदतीस नोंदी तपासत आहेत. परवा रात्री त्याचा फोन आला. चौतीस जण सुटल्याची खात्री झाली. दोघांचे नंबर बंद आहेत, पण तुरुंगाच्या नोंदीत सुटका दिसते. एकाला जुलैमध्ये दुसऱ्या कारागृहात वर्ग केलं होतं, आणि तिथले लोक म्हणतात, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. मुलीने त्याच्या आईचं नाव आणि वॉरंटचा क्रमांक लिहून घेतला आहे. येत्या गुरुवारी आम्ही तिघं तिकडे जाणार आहोत.