कापूस विकला आणि सरांचं मशीन बिघडलं

फोन सरांच्या मुलाचा होता आणि तक्रार लाकडाची होती. "भाऊ, भिंतीवर लाकडी आर्टचे पॅनल लावले. जाहिरातीत लिहिलं होतं की लावले की हॉल घुमणं बंद. लावून महिना झाला, हॉल आहे तसाच घुमतो. तुम्ही येऊन बघता का एकदा?"

मी जळगावला इंटिरियरची कामं करतो. त्याआधी काही वर्षं पुण्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडे होतो, म्हणून आवाजाचं काही निघालं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. गेल्या काही वर्षांत असे फोन वाढलेत. कारण उघड आहे. खानदेशात गावोगावी नवीन बंगले उठतायत आणि प्रत्येकाचा हॉल सारखाच: खाली चकचकीत टाईल्स, भिंतींना पुट्टी, वर पीओपी, समोर काचेची मोठी सरकती खिडकी, आणि मधोमध रेक्झिनचा सोफा. आवाज गिळणारं एकही अंग त्यात नसतं.

गाव गिरणाकाठचं, चाळीसगावकडून जवळ. सर हायस्कूलमधून गणित शिकवून निवृत्त झालेले, घरी कापूस आणि थोडा ऊस. हॉलमध्ये पाऊल टाकून मी आधी टाळी वाजवली. ती विरण्याऐवजी दोन लांब भिंतींमध्ये टर्रर्र करत फिरत राहिली. समोरासमोर दोन कडक, गुळगुळीत भिंती असल्या की हे होतंच.

मग पॅनल बघितले. दोन बाय दोन फुटांचे सहा, आंब्याचे आणि सागाचे चौकोनी ठोकळे कमीजास्त उंचीचे लावून केलेले. काम सुबक होतं. पण सगळे सिलिकॉनने थेट प्लास्टरला चिकटवलेले, आणि ठोकळ्यांच्या उंचीतला फरक जास्तीत जास्त इंचभर. पातळ लाकूड मागे हवेची पोकळी ठेवून ताणून बसवलं तर ते खालचे, जाड सूर थोडे खातं. भिंतीला घट्ट चिकटलेलं भरीव लाकूड मात्र भिंतीसारखंच वागतं. चोवीस चौरस फूट लाकडातून शोषण मिळालं असेल दोन-अडीच चौरस फुटांचं. मुलाने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "आणि लग्नाचा डीजे येतो बाहेरून, तो तरी थांबेल ना?" तोही थांबणार नाही. बाहेरचा आवाज अडवायला भिंतीचं वजन लागतं आणि खिडकीच्या फटी बंद लागतात. खोलीतला घुमारा कमी करणं हे निराळं काम आहे. विकणारे या दोन्हींवर 'साऊंडप्रूफ' असा एकच शिक्का मारतात.

तेवढ्यात सर आले. कानाला मशीन. मी नमस्कार करून बोलायला लागलो तर त्यांनी हात वर केला आणि मला बाहेर ओट्यावर नेलं. तिथे बसल्यावर मी अगदी साध्या आवाजात बोलत होतो आणि ते प्रत्येक वाक्याला नीट उत्तर देत होते. मोठमोठ्याने बोलायची सवय लागलेल्या घरच्यांना बहुधा हे जाणवलंच नव्हतं.

"घरमा बठनू का काही समजस नई, भो," सर म्हणाले. "ओट्यावर सगळं समजतं. दुकानवाल्याने मशीन तपासलं, म्हणे चांगलं आहे. मग हे म्हणतात, बाबा मुद्दाम करतात."

मी विचारलं, हे कधीपासून? नवीन घरात आल्यापासून?

"नाही," काकू दारातून म्हणाल्या. "दिवाळीला राहायला आलो तेव्हा चांगलं ऐकायचे. होळीच्या आधी मशीन बिघडलं."

दिवाळी ते होळी. मुलगा एकदम म्हणाला, "कापूस गेला त्याच आठवड्यात."

बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. आमच्याकडे कापूस वेचून झाला की भाव चढेल या आशेने लोक तो घरातच ठेवतात. खोली भरते, मग दुसरी भरते, आणि जागा संपली की हॉलही भरतो. लेकरं त्यावर उड्या मारतात, अंगाला खाज सुटते, घरातली बाई रोज म्हणते की आता विका एकदाचा. इथेही तेच झालं होतं. नव्याकोऱ्या हॉलच्या निम्म्या भागात छातीइतका कापूस, आणि उरलेल्या निम्म्यात सोफा, टीव्ही आणि सर. भाव काही चढला नाही, शेवटी टेम्पो लागला, हॉल रिकामा झाला आणि सरांचे कान 'गेले'.

मी पुन्हा आत गेलो. मागच्या खोलीत फरदडीचा, म्हणजे मुख्य पीक निघाल्यावर पुन्हा घेतलेला, थोडा कापूस अजून पडून होता. तिथे टाळी वाजवली. ती जागच्या जागी विझली.

बोलण्यात स्वर जोरकस असतात आणि व्यंजनं नाजूक. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या अक्षराचा स्वर रेंगाळतो आणि पुढच्या अक्षराचं व्यंजन त्याखाली दबतं. धडधाकट कानाचा माणूस अंदाजाने वाक्य भरून काढतो. कानाच्या मशीनला मात्र बोलणं आणि त्याची शेपटी धड वेगळी करता येत नाही, ते दोन्ही मोठं करून आत सोडतं. म्हणून घरचे जेवढ्या मोठ्याने ओरडत होते, तेवढं सरांना कमी समजत होतं.

हे सांगितल्यावर सरांनी वही मागवली. गणिताच्या माणसाला कारण पुरत नाही, आकडा लागतो. मी त्यांना वॉलेस सबीन यांची गोष्ट सांगितली. हे हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १८९५ मध्ये विद्यापीठाने त्यांच्याकडे फॉग संग्रहालयाचं एक व्याख्यानगृह सोपवलं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबीन रात्री, सगळीकडे सामसूम झाल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, मांडायचे, ऑर्गनची एक नळी वाजवायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळी सगळ्या परत. यातून सूत्र निघालं, आणि त्याच्या आधाराने बांधलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० मध्ये उघडला. शोषण मोजायला त्यांनी एकक घेतलं ते उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे एक चौरस फूट शोषण म्हणजे एक चौरस फूट उघडी खिडकी.

"म्हणजे त्यांनी गाद्या मोजल्या, आपण कापूस मोजायचा," सर म्हणाले आणि लिहायला बसले.

फुटांच्या हिशोबात सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.०४९, भागिले एकूण शोषण. उत्तर म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, सेकंदात. हॉल १८ बाय १२, उंची १०. घनफळ २१६० घनफूट, गुणाकार १०५.८४. मी फुगा फोडून फोनवरच्या ॲपने वेळ मोजला, तो आला १.६ सेकंद. म्हणजे अख्ख्या हॉलचं शोषण ६६ चौरस फूट, त्यात आमच्यासारखी माणसंही आली. बोलणं स्वच्छ कळायला घरातल्या हॉलचा वेळ ०.६ च्या आसपास हवा. त्यासाठी १७६ लागतात. तूट ११०.

सर थांबले, मग वहीच्या कोपऱ्यात आणखी एक गुणाकार केला. निम्मा हॉल म्हणजे ९ बाय १२. १०८.

"कापसाची नुसती वरची बाजू धरली तरी झालं की रे," ते म्हणाले, आणि वही काकूंना दाखवायला आत गेले. मशीन बिघडलेलं नाही याचा कागदावरचा पुरावा त्यांना मिळाला होता, आणि तो घरभर फिरवला गेला.

आता प्रश्न हे ११० आणायचे कुठून. काकूंचं म्हणणं, आपलाच कापूस भिंतीत भरा. कल्पना वाईट नाही. पण कापूस पेटतो, त्याला कीड लागते, आणि मोठ्या भिंतीत तो भरायला मी तयार नव्हतो. शेवटी तोड निघाली. १२ फुटी भिंतीवर सात फूट उंचीपर्यंत दोन इंची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), मागे इंचभर पोकळी, वर काळं झिरझिरीत कापड आणि त्यावर सागाच्या उभ्या पट्ट्या: पट्टी इंचाची, फट अर्ध्या इंचाची. ही फट महत्त्वाची. आवाज तिथून आत जातो आणि मागच्या रॉकवूलमध्ये अडकतो, लाकूड फक्त दिसायला. बाजारात याच पट्ट्या नुसत्या एमडीएफवर, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर, चिकटवून मिळतात. दिसतात सारख्या, काम काही करत नाहीत. दुसरं, सोफ्यामागे तीन बाय चारच्या दोन चौकटी, त्यात पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला घरचा कापूस, बोरॅक्स आणि बोरिक पावडर मारून सुकवलेला, वर हातमागाचं कापड. वायरिंगपासून लांब. तिसरं, सात बाय सहाच्या काचेला दुप्पट चुण्यांचा जाड पडदा. हिशोब: ६७, २२ आणि २१. बरोबर ११०.

सिलिंगला हात लावायचा नाही असं मुलाने आधीच सांगितलं होतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, पंख्याच्या वाऱ्यात काही लटकवलेलं कुणाला चालणार नाही.

पट्ट्यांसाठी साग विकत घ्यावा लागला नाही. जुनं धाब्याचं घर पाडलं तेव्हाच्या तुळया खळ्यात पडून होत्या. वरून काळ्याठिक्कर, धुराने माखलेल्या, पण रंधा मारला की आत तोच सोनेरी साग आणि तोच तेलकट वास. त्यातले खिळे शोधण्यात माझ्या मिस्त्रीचा जीव गेला. लोहचुंबक फिरवून, एकेक जागा खडूने खुणावून, सांडशीने उपटून काढले, तरी चौकटीचा एक हाताने घडवलेला खिळा लाकडाच्या पोटात निघालाच आणि करवतीचे दोन दात घेऊन गेला. जुन्या घरात कुणाला ऐकू न येण्याची तक्रार नव्हती, असं काकू म्हणाल्या. बरोबरच आहे. धान्याच्या कोठ्या, गोधड्यांची चळत, वलणीवरचे कपडे आणि दिवसभर सताड उघडी दारं. हॉल नावाची रिकामी पेटी तेव्हा नव्हती.

राहिले ते सहा पॅनल. ते सरांनी स्वतः हातात घेऊन निरखले आणि विचारलं, ठोकळ्यांच्या या उंचीला काही नियम आहे का? यांना नव्हता, मन मानेल तसे लावलेले. पण नियम असू शकतो. मानफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवलं की भिंतीवर ठरावीक खोलीचे खण ओळीने केले तर आवाज एका दिशेने परतत नाही, चहूकडे पसरतो. सात खणांच्या मांडणीत प्रत्येक खण किती खोल ते असं येतं: ०, १, ४, २, २, ४, १.

सरांनी आकड्यांकडे बघितलं. पाच सेकंदही लागले नसतील. "शून्यापासून सहापर्यंतचे वर्ग. सातने भागून बाकी."

आमच्या धंद्यातली किती माणसं हे पॅनल विकतात आणि त्यांच्यापैकी कितीजणांना हे दिसतं, देव जाणे. मग सर सुटलेच. इथून पाटणादेवी जवळ. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, संशोधक भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला, हे सगळं मला उभ्या उभ्या ऐकावं लागलं. शाळेची सहल दरवर्षी तिथेच न्यायचे म्हणे.

तर खण करायचे ठरले. एकक एक इंच धरलं की सर्वांत खोल खण चार इंचांचा होतो आणि साधारण हजार हर्ट्झपासून वर, म्हणजे नेमक्या व्यंजनांच्या पट्ट्यात, ते काम करायला लागतात. जाहिरातीतल्या पॅनलचं दुखणं इथेच होतं. हजार हर्ट्झची लहर साडेतेरा इंच लांब असते, तिच्यापुढे अर्ध्या-एक इंचाचा उंचसखलपणा म्हणजे काहीच नाही. आम्ही दोन इंच रुंदीचे खण केले, मधे चार मिलिमीटर प्लायचे पडदे, चार फूट उंच, अशी सातची दोन आवर्तनं. सोफ्यासमोरच्या भिंतीवर ते लावलं. प्रत्येक खणाची खोली सरांनी फुटपट्टी घालून तपासली, आणि मिस्त्रीला एकदा विचारलंसुद्धा की सहाव्याचा वर्ग किती. मिस्त्री म्हणाला, सर, मी सातवी नापास आहे. जुने सहा पॅनल जिन्याच्या भिंतीवर गेले. तिथे ते फार छान दिसतात.

काम संपलं तेव्हा हॉलमध्ये सगळे नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होते. नात टीव्हीसमोर पाठमोरी बसून पुटपुटली, "आज पण मेथीचीच भाजी." सोफ्यावरून सर म्हणाले, "काल गिलकी होती." घरात एकदम सगळे त्यांच्याकडे वळले. मग काकूंनी आवाज खाली आणला, पण मुलगा अजून दोन दिवस तरी ओरडतच होता.

मोजणी व्हायची होती. फुगा फोडला. आकडा ०.७.

सर खूश व्हायचे सोडून वही घेऊन आले. १०५.८४ भागिले ०.७, म्हणजे १५१. ठरले होते १७६. "पंचवीस चौरस फूट कुठे गेले?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. जाड, दुप्पट चुण्यांच्या पडद्याऐवजी तिथे पातळ जाळीचा पांढरा पडदा झुलत होता. तो काकूंनी चाळीसगावहून आणला होता. उजेड अडतो आणि जाड कापडावर धूळ बसते, हे त्यांचं म्हणणं.

"त्याचे सतरा गेले," सरांनी खोडून लिहिलं. "उरलेले आठ?"

"आठांना मी सोफ्यावर गोधडी टाकते," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पडदा बदलायचा नाही."