अमेरिकेतील विद्यापीठाचे साप्ताहिक सूचनापत्र

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला दर आठवड्याला एक लांबलचक सूचनापत्र मिळते. प्राध्यापक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, ग्रंथालयातील कर्मचारी, कार्यालयीन साहाय्यक, सफाई कामगार या सर्वांसाठी ते बहुधा एकच असते. त्यामुळे एखादा वाहनतळ दोन दिवस बंद राहणार असल्याची सूचना आणि निवृत्ती योजनेतील महत्त्वाचा बदल, दोन्ही त्यात एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी शेजारी येतात. इकडे नोकरीसाठी येणाऱ्या मराठी प्राध्यापकांना आणि संशोधकांना मी आवर्जून सांगते, की हे पत्र शेवटपर्यंत वाचण्यासाठी आठवड्यातील थोडा वेळ राखून ठेवा. येथील व्यवस्थेत सूचना प्रसिद्ध झाली की संस्थेचे कर्तव्य बहुतांशी पूर्ण झाले असे मानले जाते. मुदत पाळणे, अर्ज भरणे आणि आपला हक्क मागणे हे सर्व त्यानंतर कर्मचाऱ्याने स्वतः करायचे असते.

आरोग्यविम्याच्या बाबतीत याचा प्रत्यय सर्वांत लवकर येतो. येथे नोकरदारांचा विमा सहसा नोकरीशी जोडलेला असतो आणि कोणती योजना घ्यायची, जोडीदाराला व मुलांना तिच्यात सामील करायचे की नाही, हे ठरवण्याची संधी वर्षातून एकदा, बहुधा शरद ऋतूत, काही आठवड्यांपुरती मिळते. या काळाला ‘ओपन एन्रोलमेंट’ म्हणतात. ज्याने काहीच निवडले नाही त्याची जुनी योजना पुष्कळ ठिकाणी तशीच पुढे चालू राहते. पण वैद्यकीय खर्चासाठी पगारातून करमुक्त रक्कम बाजूला ठेवण्याची जी सोय असते, तिची निवड मात्र साधारणपणे दरवर्षी नव्याने करावी लागते, आणि त्या खात्यात उरलेली रक्कम योजनेच्या नियमांनुसार वर्षाअखेरीस बुडूही शकते. लग्न झाले किंवा मूल जन्मले, तर वर्षाच्या मध्येही विम्यात बदल करता येतो. त्यासाठी कायद्याने किमान ३० दिवसांची मुदत दिली आहे आणि अनेक संस्था त्याहून एक दिवसही जास्त देत नाहीत. रुग्णालयाने जन्माची नोंद केली म्हणजे बाळ विम्यात आपोआप आले, असा नव्याने आलेल्या कुटुंबांचा समज असतो, तो चुकीचा आहे. रुग्णालय आणि आपला मनुष्यबळ विभाग या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. बाळाचे नाव योजनेत घालण्याचा अर्ज आईने किंवा वडिलांनीच करायचा असतो आणि बाळाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारकडून मिळणारा ओळख क्रमांक) येण्याची वाट पाहत बसू नये. ही मुदत हुकली, तर पुढच्या शरद ऋतूपर्यंत थांबण्याची वेळ येऊ शकते. बाळाच्या पहिल्या वर्षातील तपासण्या आणि लसी लक्षात घेतल्या तर ही किती गंभीर गोष्ट आहे, हे सहज लक्षात येईल.

आजारपण, बाळंतपण किंवा आईवडिलांची शुश्रूषा यांसाठी १९९३ च्या कायद्याने वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते आणि त्या काळात नोकरीला संरक्षण असते. परंतु ही रजा बिनपगारी असते आणि ती मिळण्यासाठी त्या संस्थेत एकूण १२ महिने नोकरी आणि त्याआधीच्या वर्षभरात १,२५० तास काम झालेले असावे लागते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मूल होणार असेल, तर संस्थेची स्वतःची वेगळी पालकत्व रजा आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

या पत्रातील काही मजकूर कोणाच्या तरी दुःखातून आलेला आहे. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत ‘वार्षिक सुरक्षा अहवाल’ प्रसिद्ध झाल्याची सूचना येते. परिसरात मागील तीन वर्षांत किती आणि कोणत्या प्रकारचे गुन्हे नोंदवले गेले, हे त्यात आकड्यांनिशी द्यावे लागते. जीन क्लेरी ही १९ वर्षांची विद्यार्थिनी. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात, तिच्या स्वतःच्या खोलीत, १९८६ मध्ये तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. तिच्या आईवडिलांनी नेटाने पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये असा अहवाल देणे बंधनकारक करणारा कायदा झाला. परिसरात धोका कायम असेल तर सर्वांना वेळेवर सावध करणे आता विद्यापीठांना बंधनकारक आहे. मुलांना इकडे पाठवणाऱ्या पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी त्या त्या विद्यापीठाचा हा अहवाल जरूर पाहावा. तो सर्वांसाठी खुला असतो.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. सत्राच्या प्रारंभी अध्यापकांना विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेची आठवण करून दिली जाते. १९७४ च्या कायद्यानुसार विद्यार्थी विद्यापीठात दाखल झाला, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, मग त्याचे वय कितीही असो. त्यामुळे मायदेशातून काळजीने फोन करून ‘मुलगा वर्गात येतो का, त्याला किती गुण मिळाले’ असे विचारणाऱ्या वडिलांना येथील प्राध्यापक विद्यार्थ्याच्या लेखी संमतीवाचून सहसा काही सांगत नाही. त्यात उद्धटपणा नसतो. मात्र विद्यार्थ्याच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका असल्याची शंका असेल, तर पालकांनी अजिबात न बिचकता विद्यापीठाशी संपर्क साधावा. पालकांनी दिलेली माहिती ऐकून घेण्यास या कायद्याची कोणतीही आडकाठी नाही आणि आणीबाणीच्या प्रसंगी माहिती देण्याचीही त्यात तरतूद आहे.

अपंग विद्यार्थ्यांविषयीच्या सूचनांबद्दल मला विशेष आस्था आहे. १९७३ चा पुनर्वसन कायदा आणि १९९० चा अपंग हक्क कायदा यांमुळे अध्यापकाला संबंधित कार्यालयाकडून एक पत्र येते. अमुक विद्यार्थ्याला परीक्षेत दीडपट वेळ द्यावा किंवा टिपणे घेण्यासाठी साहाय्य द्यावे, एवढेच त्यात लिहिलेले असते. आजार कोणता, याचा उल्लेख बहुधा नसतो आणि तो विचारूही नये. २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने शासकीय विद्यापीठांच्या डिजिटल साहित्यासाठी ठराविक सुगम्यता निकष लागू करणारा नियम केला, तेव्हापासून या पत्रात व्हिडिओला उपशीर्षके कशी द्यावीत, स्कॅन केलेली पाने वाचनीय कशी करावीत, यांच्या कार्यशाळांची भर पडली आहे. स्कॅन केलेले पान म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या संगणकासाठी नुसते चित्र असते. त्यातील अक्षरे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तेथे मुके होते. आम्ही अध्यापक वर्षानुवर्षे अशीच पाने वाटत आलो आहोत. या कार्यशाळा कंटाळवाण्या म्हणून टाळणाऱ्या सहकाऱ्यांशी मी मनापासून असहमत आहे.

पुढील सत्राची पाठ्यपुस्तके लवकर कळवा, हा तगादाही २००८ च्या कायद्याशी निगडित आहे. विषय निवडतानाच विद्यार्थ्याला पुस्तकाची किंमत कळावी, हा त्यामागचा हेतू. संशोधन निधीसाठीच्या अंतर्गत निवडीच्या मुदतीही याच पत्रात असतात. काही निधींसाठी एका विद्यापीठाकडून मोजकेच प्रस्ताव जाऊ शकतात, म्हणून आधी विद्यापीठातच निवड होते आणि ती मुदत मुख्य मुदतीच्या कितीतरी आधी संपते.

परंतु हे पत्र सर्वांपर्यंत सारखे पोहोचत नाही. प्राध्यापकाचा दिवस संगणकासमोर जातो. रात्रपाळीत इमारती स्वच्छ करणाऱ्या किंवा स्वयंपाकघरात उभे राहून काम करणाऱ्या माणसाला ते वाचायला वेळ, आणि कित्येकदा इंग्रजीचा सरावही नसतो. अनेक विद्यापीठे कर्मचाऱ्यांच्या मुलांना शिक्षणशुल्कात सवलत देतात, तिचा अर्ज बहुधा ठरलेल्या मुदतीत करावा लागतो, आणि तिची सर्वाधिक गरज असलेल्या घरांनाच ती माहीत नसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पर्यवेक्षकांनी पाळीच्या सुरुवातीला महत्त्वाच्या सूचना तोंडी सांगाव्यात, कामगारांच्या भाषेत छापून लावाव्यात आणि अर्ज भरण्यासाठी कामाच्या वेळेतील वेळ द्यावा, असे मला ठामपणे वाटते.

सर्वांत शेवटी, सहसा कोणी पोहोचत नाही अशा जागी, कर्मचारी साहाय्य योजनेची ओळ असते. तिच्यातून समुपदेशकाच्या काही भेटी विनामूल्य मिळतात, काही ठिकाणी कायदेशीर किंवा आर्थिक प्रश्नांवर प्राथमिक सल्लाही मिळतो आणि पुष्कळदा घरातील इतर व्यक्तींनाही ती लागू असते. जोडीदाराच्या नोकरीमुळे परदेशी आलेल्या, स्वतःला काम करण्याची परवानगी नसलेल्या आणि दिवसभर घरात एकट्या असलेल्या स्त्रियांना ही सोय बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही. सल्लामसलत गोपनीय असते. जिवाला धोका असण्यासारखे कायद्याने ठरवलेले अपवाद सोडले, तर समुपदेशकाशी काय बोलणे झाले हे वरिष्ठांना कळवले जात नाही आणि भेट मागताना विभागप्रमुखाची परवानगी लागत नाही. योजनेचा दूरध्वनी क्रमांक त्या ओळीतच दिलेला असतो. तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवून द्यावा.