बेरीज शून्य का येत होती? ईमॅक्स लिस्प शिकतानाचा माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल-नॅपकिनच्या कारखान्यात मी ऑफिसचं काम बघते. शिक्षण बीकॉम, प्रोग्रामिंगचा संबंध कधीच आला नव्हता. आमचे जॉबर (मागांवर देखरेख करणारे) मामा रोज सकाळी रात्रपाळीचं प्रॉडक्शन व्हॉट्सअॅपवर टाकतात, "माग ७ - १४ डझन" अशा तीसेक ओळी, आणि फोनचा कीबोर्ड मराठी असल्याने आकडेपण मराठीच, ते सगळं मी कॅल्क्युलेटरवर मारून रजिस्टरला चढवायचे आणि एखादी ओळ सुटली की परत पहिल्यापासून.

मामेभावाने एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून दिलं तेव्हा ईमॅक्स नावाचा टेक्स्ट एडिटरपण टाकला. "ताई, ह्याला तुला पाहिजे तसं वळवता येतं," म्हणाला. रिचर्ड स्टॉलमनचा हा ग्नू ईमॅक्स १९८५ पासून चालू आहे, आतला गाभा सी भाषेत आणि बाकीचा बराचसा एडिटर ईमॅक्स लिस्पमध्ये लिहिलेला, आणि त्याच भाषेत आपण त्यात भर घालायची. गणपतीत सुरू केलं. रोज रात्री जेवणं झाली की तास-दीड तास.

पहिलं जे आवडलं ते म्हणजे काहीही लिहा, कंसाच्या शेवटी कर्सर ठेवा, कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबा, उत्तर लगेच खाली दिसतं. अधिक चिन्ह आधी आणि आकडे नंतर ही उलटी पद्धत आठवड्यात अंगवळणी पडली. मग डीफन वापरून स्वतःचं फंक्शन (नाव दिलेलं छोटं काम) लिहिलं, कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई केलं, आणि ते चालवायला आल्ट-एक्स करून नाव टाकलं तर सापडेचना. दोन रात्री गेल्या त्यात. आत "इंटरॅक्टिव्ह" हा एक शब्द कंसात लिहावा लागतो, तो असला तरच फंक्शन आल्ट-एक्सला दिसतं, एवढंच होतं.

खरं शिकले ते मात्र एडिटरलाच विचारून. कंट्रोल-एच एफ दाबून कुठल्याही फंक्शनचं नाव द्या, माहिती येते, आणि माहितीत फाइलच्या नावावर एंटर मारलं की त्याचा मूळ कोडच उघडतो (सोर्स फाइल्स सोबत असल्या पाहिजेत, भावाने त्या टाकल्या होत्या). मला मोजायचंच होतं म्हणून शब्द मोजणारं "काउंट-वर्ड्स" उघडलं. तर त्यात आधी सेव्ह-एक्सकर्शन, म्हणजे काम झालं की कर्सर परत होता तिथे, मग सुरुवातीला जा, मग व्हाइल लूप, म्हणजे संपेपर्यंत तेच परत परत, एकेक शब्द पुढे सरक आणि एक वाढव. मला हेच पाहिजे होतं की! फक्त शब्दाऐवजी "डझन"च्या आधीचा आकडा. तोच सांगाडा घेतला, शब्द सरकण्याच्या जागी री-सर्च-फॉरवर्ड घातलं, ते दिलेल्या पॅटर्नसारखा (नमुन्यासारखा) मजकूर पुढे शोधतं. त्याला शेवटी "टी" नाही दिला तर शेवटची ओळ संपल्यावर सर्च फेल म्हणून एरर येऊन सगळं तिथेच थांबतं. आणि पॅटर्नमधल्या कंसाआधी उलटा स्लॅश, तोपण स्ट्रिंगमध्ये दोनदा. हे पाठच करून टाका.

चालवलं. बेरीज शून्य. एरर नाही काही नाही, नुसतं शून्य. पॅटर्नमध्ये इंग्रजी शून्य ते नऊ होतं, मामांचे आकडे मराठी, म्हणून [०-९] केलं. परत शून्य! आता ओळी सापडत होत्या हे मी सापडेल ते खाली छापून बघितलं होतं, तरी शून्य. शेवटी स्ट्रिंग-टू-नंबरला एकटं "१४" देऊन कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई केलं, उत्तर ०. कंट्रोल-एच एफमध्ये स्पष्ट लिहिलंय, स्ट्रिंगमधून आकडा निघाला नाही तर शून्य परत देतो. म्हणजे त्याला मराठी १४ हा आकडाच वाटत नव्हता, आणि तो गप्प बसत होता. हिशोबाच्या कामात असलं गप्प शून्य फार वाईट, एरर आलेली कधीही बरी.

उपाय अक्षरावरच सापडला. कर्सर ० वर ठेवून कंट्रोल-एक्स बरोबर-चिन्ह दाबलं तर त्याचा नंबर (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला असतो तो) २४०६. इंग्रजी शून्याचा ४८. फरक २३५८, आणि नऊपर्यंत दोन्हीकडे ओळीनेच आहेत, म्हणजे प्रत्येक मराठी आकड्याच्या नंबरातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकड्याचा नंबर. चार ओळींचं फंक्शन झालं. त्या रात्री बेरीज रजिस्टरशी जुळली आणि मी आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्या रात्री काय करायलीस गं," पण बघितलं तिने.

मग महिनाभराने बेरीज परत कमी येऊ लागली. दोन माग मोजलेच जात नव्हते. त्या ओळी बघितल्या तर मामांनी "१४॥ डझन" लिहिलेलं, जुन्या वहीतल्यासारखं, साडेचौदा. त्यांच्या वडलांनी शिकवलेली पद्धत आहे ती, । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. मामा म्हणाले, "ताई, मी पॉइंट पाच लिहितो की पुढच्यापासून." मी नको म्हटलं. त्यांनी का बदलावं, एडिटर बदलता येतो ना. आकड्यांनंतर दंड, म्हणजे ही उभी रेघ, असू शकतो असं पॅटर्नमध्ये घातलं, आणि हिशोब डझनऐवजी नगात केला, म्हणजे पावाला ३, अर्ध्याला ६, पाऊणला ९ नग, १४॥ डझनाचे १७४. गंमत म्हणजे । आणि ॥ चे नंबर २४०४ आणि २४०५, ० च्या अगदी आधी बसलेत.

आणि कुठली ओळ पॅटर्नमध्ये बसली नाही तर ती आता खाली छापून दाखवते, गुपचूप सोडत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या (सोलापूरची संक्रांतीची यात्रा) आठवड्यात सगळं इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, टाकून एफ-नाइनच्या बटणावर बसवलं. एफ-फाइव्ह ते एफ-नाइन ही बटणं ईमॅक्सने वापरणाऱ्यासाठी मोकळी ठेवलीत, म्हणून तीच घ्या. आता मेसेज चिकटवायचा, एफ-नाइन दाबायचं, एकूण नग खाली येतात. सध्या मामांच्या "सव्वाबारा" अशा अक्षरी लिहिलेल्या ओळींचं काम चालू आहे.